सरड्याची धाव डॉक्टरपर्यंत

मंडळी, आपल्या अंकाच्या या पानांवर आजवर रक्तदाब, मधुमेह, फोर-ओ-वन-के, मुलांच्या कॉलेजची तजवीज अशा भारदस्त विषयांवर जाणकारांनी लिहिलं आहे. मी जाणकार नाही. मी एक साधा सॉफ्टवेअर इंजिनियर आणि माझा विषय आहे सरडा! हसू नका. या सरड्यापायी दोन महिन्यांत आमचे ९७५ डॉलर गेले आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई तीन आठवडे मुकाट्यानं अंग खाजवत बसली. तेव्हा 'आरोग्य आणि अर्थ' या दोन्ही खात्यांत माझा लेख चपखल बसतो, असं मला वाटतं.

आपल्या मुलांना प्राणी हवा असतो. कुत्रा म्हटला की फिरवायला न्यायचं कोणी यावर घरात महाभारत, मांजर म्हटलं की केस आणि ॲलर्जी. मग तडजोड म्हणून सरडा, गेको नाहीतर कासव घरात येतं. "भुंकत नाही, केस गळत नाहीत, काचेच्या पेटीत राहतं," असं म्हणून आपण हो म्हणतो. आमच्याकडेही असंच झालं. मुलाच्या आठव्या वाढदिवसाला बिअर्डेड ड्रॅगन आला. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला प्राणी. ऑस्ट्रेलियातून तो बाहेर न्यायला बंदी आहे, त्यामुळे इथे विकले जातात ते सगळे पिंजऱ्यातच जन्मलेले. आपल्याकडे कुंपणावर मान खालीवर करत बसणारा सरडा याच कुळातला. घाबरला किंवा रागावला की गळ्याखालची काटेरी दाढी फुगवून काळी करतो, म्हणून नाव 'दाढीवाला'. मुलानं त्याचं नाव ठेवलं स्पाइकी.

त्याची पेटी ठेवली पाहुण्यांच्या खोलीत, कारण ती खोली उबदार आणि एरवी रिकामी. जूनच्या पहिल्या आठवड्यात आई पुण्याहून आली. तिची व्यवस्था अर्थात त्याच खोलीत. "पालीबरोबर झोपू होय रे मी?" एवढंच ती म्हणाली. आम्ही हसण्यावारी नेलं.

पाल चुकचुकली!

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात स्पाइकीचं काहीतरी बिनसलं. वाळवंटातला प्राणी, पाण्याशी त्याचं फारसं सख्य नाही, पण हा आपला तासन्‌तास पाण्याच्या वाडग्यात बसून. खाणं कमी झालं. अंग सारखं लाकडावर घासायचा. मला वाटलं कात टाकायची वेळ आली असेल. एके दिवशी मुलगा भिंग घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, याच्या डोळ्याच्या कडेला मिरपूड चालतेय."

खरंच मिरपूड चालत होती! पापणीच्या कडेला, कानाच्या भोकाशी, काखेत, गळ्याच्या घडीत, काट्यांच्या मुळाशी बारीक काळे ठिपके, आणि ते हलत होते. पाण्याच्या वाडग्याच्या तळाशी तसलेच ठिपके बुडून मेलेले. अंगावर रांगोळीची भुकटी सांडल्यासारखे पांढरे कण होते, ती त्या ठिपक्यांची विष्ठा, हे नंतर कळलं. ओला पांढरा टिश्यू पेपर अंगावरून फिरवला तर त्यावर तांबूस डाग उमटले. ते रक्त होतं. स्पाइकीचंच.

हे माइट्स. शेतकरी पिकांवरच्या माइट्सना 'कोळी' म्हणतात, त्याच जातकुळीतला हा रक्तपिपासू प्रकार. कीटक नव्हे, गोचिडीचा लांबचा भाऊबंद, मोठा झाल्यावर आठ पायांचा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा. आमच्याकडे निघाला तो 'सापावरचा माइट', शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. नावात साप असला तरी पाळलेल्या सरड्यांवरही तो खुशाल राहतो.

तो आला कुठून? इथे माझी पहिली चूक कबूल करतो. मे महिन्यात एक गृहस्थ गाव सोडून चालले होते, त्यांच्याकडून एक पोकळ ओंडका आणि लपायची गुहा मी २० डॉलरला उचलली. दुकानात तेच ५५ ला होतं. ३५ डॉलर वाचवल्याच्या आनंदात घरी आणून, नुसतं झटकून पेटीत ठेवलं. त्या गृहस्थांकडे पूर्वी अजगर होता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. माइट रक्त न पिताही काही आठवडे फटीत तग धरू शकतो, हे मला कुठे ठाऊक होतं?

माझे दोन प्रताप

आता इंजिनियर माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधले बग काढतो. इथे तर साक्षात बग! म्हटलं, यासाठी डॉक्टर कशाला? दुकानातून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा १८ डॉलरचा स्प्रे आणला, पेटीत मारला, स्पाइकीला अंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी मिरपूड गायब. मी ऑफिसात दोघांना सांगितलंसुद्धा. नवव्या दिवशी मिरपूड परत हजर, आधीपेक्षा दाट.

आई म्हणाली, "कापूर ठेव नाहीतर डांबराच्या गोळ्या टाक." ते मी ऐकलं नाही, एवढं एकच शहाणपण माझ्या नावावर आहे. बंद पेटीत डांबरगोळ्यांची वाफ लहान प्राण्याला विषारी ठरते. पण आईचं न ऐकता मी जे केलं ते त्याहून वाईट. शनिवारी रात्री दुकानातून कुत्र्यांच्या पिसवांचा स्प्रे आणला, १४ डॉलरचा. मनात विचार असा, की पिसू काय नि माइट काय, आणि कुत्र्याला चालतं ते याला का चालू नये? स्पाइकीच्या अंगावर भरपूर फवारला.

रविवारी सकाळी मुलाच्या हाकेनं जाग आली. स्पाइकी कुशीवर पडला होता, पाय थरथरत होते, सरळ केलं तर पुन्हा कलंडत होता. मुलगा रडत नव्हता. तो टेबलावरची बाटली हातात घेऊन वाचत होता. "बाबा, यावर लिहिलंय फक्त कुत्र्यांसाठी. तू लेबल वाचलं नाहीस?"

परीक्षेला जाताना "प्रश्न नीट वाच" असं मी त्याला दर वेळी बजावतो. मला उत्तर देता आलं नाही.

पिसवांच्या अशा स्प्रेमध्ये बहुधा पायरेथ्रिन किंवा परमेथ्रिन या जातीचं औषध असतं. ते किड्यांच्या मज्जासंस्थेवर काम करतं, पण मात्रा जास्त झाली की सरड्याच्याही. (मांजर पाळणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं. कुत्र्याचं परमेथ्रिन मांजराला जीवघेणं ठरू शकतं.) आम्ही तासाभराच्या अंतरावरच्या आपत्कालीन पशुचिकित्सालयात गेलो. तिथे त्याला कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुतलं, ऊब दिली, त्वचेखाली सलाइन दिलं आणि दिवसभर नजरेखाली ठेवलं. बिल ४१० डॉलर. संध्याकाळी त्यानं मान उचलली, तेव्हा मुलगा प्रथम रडला.

डॉक्टरबाईंचा एक प्रश्न

बुधवारी आम्ही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खास डॉक्टरांकडे गेलो. आपला नेहमीचा कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर सरडा पाहीलच असं नाही. अमेरिकेत सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांची 'एआरएव्ही' ही संघटना आहे, तिच्या यादीत राज्यवार डॉक्टर सापडतात. मी सेलोटेपवर चार माइट चिकटवून नेले होते. डॉक्टरबाईंनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, स्पाइकीचं वजन केलं (३८० ग्रॅम), हिरड्यांचा रंग पाहिला. हिरड्या फिकट होत्या, म्हणजे रक्त कमी झालेलं. लहान किंवा अशक्त प्राणी अशा रक्तशोषणानं दगावूही शकतो. शिवाय चावलेल्या जागी जंतुसंसर्ग होतो, कात नीट सुटत नाही.

सगळं तपासून झाल्यावर बाईंनी विचारलं, "घरात कोणाला बारीक लाल पुरळ आलंय का?"

मी ठामपणे नाही म्हटलं. पण परत येताना गाडीत पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. घरी येऊन आईला विचारलं. ती आधी "काही नाही रे" म्हणाली. बायको म्हणाली, "आई, तुम्ही बाही वर करा बघू." दोन्ही हातांवर आणि कमरेच्या पट्ट्यावर लाल पुटकुळ्या होत्या. एके जागी खाजवून खाजवून जखम झालेली, कडेनं पिकलेली. आईला पंधरा वर्षांचा मधुमेह आहे.

"आई, सांगितलं का नाहीस?"

"इथलं पाणी मानवत नसेल म्हटलं. आणि इथे डॉक्टर म्हणजे डॉलर. तुमचा आधीच किती खर्च चाललाय त्या पालीवर."

वाचकहो, सरड्यासाठी मी रविवारी सकाळी ताशी सत्तर मैलांनी गाडी हाकली होती. आणि आई त्याच्यापासून सहा फुटांवर झोपून तीन आठवडे खाजवत होती, आमचे पैसे वाचावेत म्हणून. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. आपल्याकडे आलेले आईवडील दुखणं लपवतात. त्यांना विचारावं लागतं, आणि बाही वर करून पाहावी लागते.

त्याच दिवशी तिला क्लिनिकमध्ये नेलं. माइट्सची गोष्ट आधीच सांगितल्यामुळे डॉक्टरांना निदान लवकर करता आलं, नाहीतर ढेकूण किंवा खरूज यांचा शोध सुरू झाला असता. खरजेचा माइट वेगळा, तो माणसाच्या कातडीत बिळं करून राहतो. हा सरड्याचा माइट माणसाला चावतो, पण माणसावर संसार थाटू शकत नाही. मूळ प्राण्यावरचे माइट संपले की चावेही थांबतात. आईला खाज कमी करणारं औषध आणि जखमेसाठी प्रतिजैविक मलम दिलं. आठ-दहा दिवसांत जखम भरली. पण मधुमेही माणसाची चिघळलेली जखम म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिलेलं आहे.

शत्रूचं वेळापत्रक

माझा पहिला स्प्रे का फसला, हे डॉक्टरबाईंनी कागदावर आकृती काढून सांगितलं. हा माइट पाच अवस्थांतून जातो. अंडं, सहा पायांची अळी, मग दोन बाल्यावस्था आणि शेवटी प्रौढ. यांतल्या फक्त दोन अवस्था रक्त पितात, पहिली बाल्यावस्था आणि प्रौढ. बाकीच्या अवस्था प्राण्यावर नसतातच. त्या पेटीच्या सांध्यात, ओंडक्याच्या भेगेत, स्टँडच्या फटीत असतात. म्हणजे अंगावर दिसतात ते थोडे, फटीत दडलेले फार. अगदी आपल्या ढेकणासारखं! गादी झटकून ढेकूण गेल्याचं कधी ऐकलंय? खाटेच्या फटींत उकळतं पाणी ओतल्याशिवाय आपल्या आज्यांचं समाधान होत नसे. त्यांचं शास्त्र पक्कं होतं.

एक मादी आयुष्यात साठ ते ऐंशी अंडी घालू शकते. ३० अंश सेल्सियसला अंडं साधारण एका दिवसात फुटतं, २० अंशाला चार दिवस लागतात. ऊब असली की अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास पुरा होतो. आणि सरड्याच्या पेटीत ऊब आपणच विकत घेऊन देतो. आणखी गंमत म्हणजे नर न भेटलेली मादीही अंडी घालते, त्यांतून नर जन्मतात. म्हणजे एक मादी उरली तरी घराणं पुढे चालू!

बहुतेक औषधं अंड्यांना मारत नाहीत. मी मोठे मारले, अंडी फुटली, पुढची पिढी आली. म्हणून एकदा फवारून भागत नाही. दोन-तीन पिढ्या पार पडेपर्यंत, म्हणजे किमान सहा आठवडे, नेटानं लढावं लागतं.

सहा आठवड्यांची मोहीम

आम्ही काय केलं ते क्रमानं देतो.

१) प्राण्याची रवानगी. स्पाइकीला एका साध्या प्लॅस्टिकच्या टबात हलवलं. तळाशी फक्त पांढरे पेपर टॉवेल. पांढऱ्यावर काळा माइट लगेच दिसतो आणि लपायला फट राहत नाही. एका टोकाला दिवा, दुसरं टोक थंड, वाडग्यात पाणी. पेपर रोज बदलायचा, जुना पिशवीत गच्च बांधून घराबाहेरच्या कचऱ्यात.

२) अंघोळ. कोमट पाणी, खांद्यापर्यंतच, पंधरा मिनिटं. पाण्यात माइट बुडतात, पण उरलेले जीव वाचवायला डोक्याकडे धावतात. तिथले ओल्या कापसाच्या काडीनं टिपायचे. प्राण्याला पाण्यात एकटं सोडायचं नाही.

३) पेटी. ओंडका, गुहा, तळाची माती सगळं फेकलं. काच गरम साबणाच्या पाण्यानं, मग पाणी घातलेल्या ब्लीचनं धुतली, भरपूर खळबळून उन्हात वाळवली. ब्लीचचा वास पूर्ण गेल्याशिवाय प्राणी आत ठेवायचा नाही. ५० अंशांच्या वरच्या उष्णतेत माइट आणि अंडी दोन्ही मरतात, म्हणून सांध्यांवर वाफ मारली.

४) खोली. आईला मुलाच्या खोलीत हलवलं, मुलगा आमच्याकडे. तिच्या चादरी गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये कडक वाळवल्या. रोज व्हॅक्यूम केला आणि त्याची पिशवी लगेच बाहेर टाकली.

५) औषध. स्पाइकी आधीच्या विषबाधेतून सावरल्यावर आठवड्यानं डॉक्टरबाईंनी स्वतः औषध दिलं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा दिलं. नाव आणि मात्रा मी मुद्दाम लिहीत नाही. एक उदाहरण मात्र सांगतो. आयव्हरमेक्टिन हे प्रसिद्ध औषध. ज्या शोधातून ते आलं, त्यासाठी विल्यम कॅम्बेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ साली नोबेल मिळालं. माणसांना आणि गुरांना ते वरदान ठरलं. पण तेच कासवाला दिलं तर कासव मरू शकतं, आणि काही जातींच्या सरड्यांनाही ते सोसत नाही. तेव्हा "अमक्याच्या सरड्याला चाललं" यावर विसंबू नये. जात आणि वजन पाहून मात्रा ठरवणं हे डॉक्टरचं काम.

६) पहारा. ही युक्ती आईची. ती म्हणाली, "मुंग्या लागू नयेत म्हणून दुधाचं पातेलं पाण्याच्या ताटलीत ठेवत नाही का आपण? तसं कर." टबाच्या स्टँडचे चारही पाय साबणाच्या पाण्याच्या वाडग्यांत ठेवले. टबातून उतरणारा आणि खोलीतून चढणारा, दोघेही पाण्यात! डॉक्टरबाईंनी ऐकलं तेव्हा "तुमच्या आईला माझं अभिनंदन सांगा," म्हणाल्या.

या वाडग्यांचा दुसरा उपयोग असा, की शत्रू मोजता आला. मुलानं वहीत रोज आकडा लिहिला. पहिल्या आठवड्यात ४३, दुसऱ्यात १९. तिसऱ्यात एकदम २६! आम्ही हबकलो. टॉर्च घेऊन शोधलं तेव्हा स्टँडच्या स्क्रूच्या भोकांत त्यांची वसाहत सापडली. व्हॅक्यूम करून, वाफ मारून ती भोकं बुजवली. चौथ्यात ४, पाचव्यात १, सहाव्यात शून्य. खात्रीसाठी आणखी दोन आठवडे मोजलं, शून्यच. ती वही नसती तर दुसऱ्या आठवड्यातच मी विजय जाहीर करून मोकळा झालो असतो.

माइटखाऊ माइटही विकत मिळतात. ग्रीनहाउसमध्ये मातीतल्या किडींसाठी वापरतात ते. ते माणसाला किंवा सरड्याला त्रास देत नाहीत आणि या माइटची पिल्लं खातात. आम्हाला गरज पडली नाही, पण औषध न सोसणाऱ्या प्राण्यासाठी डॉक्टरांना जरूर विचारावं. मात्र एकदा ते सोडले की औषध फवारता येत नाही, कारण मित्रही मरतात.

हात धुवा, आणि कुठे धुवायचं तेही पाहा

माइट गेले तरी एक गोष्ट कायमची. सरडा, कासव, साप दिसायला ठणठणीत असले तरी त्यांच्या विष्ठेतून सालमोनेला जंतू येऊ शकतात. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवं पाळण्यासाठी विकायला १९७५ पासून बंदी आहे, ती याच कारणानं. मुलं ती तोंडात घालत. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टच्या वरचे वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांच्या घरी असे प्राणी नसावेत, असं सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था सांगते. असलेच तर अंतर राखावं. आई सत्तरीपुढची, त्यात मधुमेही, आणि आम्ही तिला त्या पेटीशेजारी झोपवलं होतं!

आता पेटी मुलाच्या अभ्यासाच्या जागी आहे. वाडगं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही, तळघरातल्या कपड्यांच्या सिंकमध्ये धुवायचं. हात लावला की साबणानं हात. मुका घ्यायचा नाही, जेवणाच्या टेबलावर आणायचं नाही. आईनं यावर एकच शेरा मारला, "आमच्या सोवळ्याला हसत होतात ना?"

हिशेब

जुना ओंडका आणि गुहा २०, पहिला स्प्रे १८, कुत्र्याचा स्प्रे १४, आपत्कालीन दवाखाना ४१०, खास डॉक्टरांची तपासणी ११८, पुढच्या दोन भेटी आणि औषध १३४, नवी गुहा व सामान ४६, पेपर टॉवेल, ब्लीच, पिशव्या ३८, आईचं क्लिनिक १६५, तिची औषधं १२. एकूण ९७५ डॉलर. पहिल्याच दिवशी खास डॉक्टरांकडे गेलो असतो तर त्यांची फी, औषध, नवं सामान आणि सफाई मिळून ३३६ मध्ये भागलं असतं. आणि दुकानातून ५५ ला नवी वस्तू घेतली असती तर बहुधा एवढ्याचीही गरज पडली नसती. ३५ डॉलरची बचत अशी महागात पडली.

यातून चार पैशाच्या गोष्टी.

पहिली, आईवडिलांचा व्हिजिटर इन्शुरन्स. आईच्या पॉलिसीचं डिडक्टिबल २५० डॉलर, बिल १६५ चं, म्हणजे सगळं खिशातून. स्वस्त पॉलिसी घेताना आपण महिन्याचा हप्ता पाहतो, डिडक्टिबल पाहत नाही. काही पॉलिसी प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कमच देतात, बाकी आपलं. काही डिडक्टिबलनंतर बिलाचा मोठा हिस्सा उचलतात. जुन्या आजारांना बहुतेक ठिकाणी नकार असतो. तिकीट काढण्यापूर्वी बारीक अक्षरं वाचा. आणि आईवडिलांना स्पष्ट सांगा, की छोट्या खर्चाची तजवीज आम्ही केली आहे, लपवू नका.

दुसरी, प्राण्यांचा विमा. बहुतेक कंपन्या कुत्र्या-मांजरांचाच उतरवतात, सरड्याचा उतरवणाऱ्या थोड्या. उतरवला तरी आधीपासूनचं दुखणं त्यात धरत नाहीत.

तिसरी, करसवलत. पाळीव प्राण्याचा दवाखाना फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंटमधून भरता येत नाही की करातून वजा होत नाही. अपंग व्यक्तीच्या मदतीसाठी शिकवलेल्या प्राण्याची गोष्ट वेगळी. प्रश्न असल्यास आपल्या अकाउंटंटला विचारा.

चौथी, गंगाजळी. आम्ही आता स्पाइकीच्या नावानं महिन्याला १५ डॉलर वेगळे टाकतो, त्यांतले दोन मुलाच्या पॉकेटमनीतून. बिअर्डेड ड्रॅगन नीट सांभाळला तर दहा वर्षंही जगतो. घेताना प्राण्याची किंमत पाहू नये, दहा वर्षांचा खर्च पाहावा.

आणि नवा प्राणी किंवा जुनी वस्तू घरात येणार असेल, तर प्राण्याला निदान दीड-दोन महिने वेगळ्या खोलीत ठेवा. जुनं लाकूड फुकट मिळालं तरी घेऊ नका.

जाता जाता

ऑगस्टअखेर शेवटच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी सांगितलं की प्रकृती उत्तम आहे, आणि हा 'तो' नसून 'ती' आहे! मुलगा चाट पडला. स्पाइकी हे नाव आता चालेना. आजीनं त्याला तानाजी आणि घोरपडीची गोष्ट सांगितली. इतिहासाच्या दृष्टीनं ती दंतकथा, पण कडा चढणारी यशवंती कोणत्या मराठी मुलाला आवडणार नाही? तेव्हापासून ती यशवंती.

ऑक्टोबरात आई परत गेली. विमानतळावर निघण्याआधी ती पेटीपाशी गेली, काचेवर बोट टेकवून म्हणाली, "सांभाळ गं." आता दर रविवारी फोनवर ती आधी नातवाची चौकशी करते, मग यशवंतीची. त्यानंतर मी विचारतो, "आई, तुझं कसं आहे? खरं सांग." ती म्हणते, "बरं आहे." मी म्हणतो, "बाही वर कर बघू!" आणि ती हसते.

(हा लेख एका कुटुंबाचा अनुभव आहे, वैद्यकीय किंवा आर्थिक सल्ला नव्हे. आपल्याकडे अशा प्राण्यांचे अनुभव असतील तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.)